एकाच फळीवरून पडलेले दोन घोटे

फळी एकच मोडली आणि दोघे रंगारी भाऊ बरोबरच खाली आले. दोघांचा उजवा घोटा गेला, दोघांचं लिगामेंट फाटलं. धाकटा दोन महिन्यांत टणाटण चालू लागला. थोरल्याचा घोटा मात्र चार महिन्यांनीही संध्याकाळ झाली की टम्म.

आता यांची रीत अशी, की थोरला शिडीवर आणि धाकटा शिडी धरायला. धाकट्याला उंचावर गरगरतं; त्या दिवशी तो नुसता डबा द्यायला फळीवर गेला होता. त्यामुळे बरा झाल्यावर तो भिंती हात पोचेल तिथपर्यंतच रंगवून यायचा. वरचं तसंच. गिऱ्हाइकं ओरडायची.

"दादा, नाटकं पुरे. पडलो तर बरोबरच ना?"

आईनेही त्याचीच री ओढली. "एकाच पोटची दोन पोरं. एक बरा होतो, दुसरा नाही, असं कसं?"

थोरल्याला ते लागलं. सोमवारी चढायचंच, असं त्याने ठरवलं. पण 'असं कसं' काही डोक्यातून जाईना. शेवटी त्याने डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

"पोट एक असलं तरी आईबापांकडून प्रत्येकाला वाटणी वेगळी येते," त्या म्हणाल्या. "लिगामेंटचे धागे कसे विणायचे, ते जनुकं सांगतात. त्यात फरक असला तर जखम सावकाश भरू शकते. सगळं त्यावरच नसतं, आणि आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पण आत्ता चढलात तर पुन्हा फाटेल."

हे त्याला चटकन पटलं. एकाच डब्यातला रंग, पण एक भिंत संध्याकाळी सुकते, दुसरी दोन दिवस ओली. आतून कशी आहे ते वरून थोडंच दिसतं?

मग घरी चौकशी सुरू.

"आई, तुझा पाय कधी मुरगळला होता का गं?"

बटण लावता लावता आईचा हात थांबला. "तुझ्या जन्माआधी. वर्षभर लंगडत होते."

"कधी बोलली नाहीस!"

"काय बोलू? सासूबाई म्हणायच्या, कामचुकार आहे, ढोंग करते."

बोलून गेली आणि त्याच्या सुजलेल्या घोट्याकडे बघत राहिली. मग तिने धाकट्याला हाक मारली. "ए, सोमवारी शिडीवर तू चढायचं."

"मी? अगं, मला गरगरतं!"

"गरगरू दे. दादा धरेल."

सोमवारी थोरला रंगाच्या डब्यावर बसून शिडी धरून होता. धाकटा चौथ्या पायरीवर, हात वर, ब्रश जोरात चाललेला.

"अरे, डोळे उघड," थोरला खालून म्हणाला, "खिडकीची काच रंगवतोयस!"