खसखशीएवढं बी

उत्खननाच्या कचेरीत तिला सगळे निवडणारी मावशी म्हणत. हजारो वर्षांपूर्वीच्या गावाची माती पाण्यात घोळली की जळके दाणे वर तरंगत. ते वाळवून भिंगाखाली चिमट्याने वेगळे करायचे आणि उरलेला चुरा मागच्या खड्ड्यात ओतायचा, ह्यात तिचा उभा जन्म गेला होता. "मावशींच्या नजरेवर माझा डोळे मिटून विश्वास," असं मोठ्या संशोधक बाई पाहुण्यांना सांगत.

खालच्या, जुन्या थरांच्या पिशव्या तिने आधी निवडल्या. त्यांत धान्याबरोबर रानगवताचं खसखशीएवढं बी ढिगाने निघालं. पुढे वरच्या थरांत मात्र नुसतं धान्यच. बाईंनी त्यावरून सिद्धान्त मांडला: शेती साधली तसा गावाला माज आला, लोकांनी रानाकडे पाठ फिरवली, सगळी भिस्त एका पिकावर ठेवली, ते बुडालं आणि पोरं उपाशी मेली. वरच्या थरात लहान पोरांची हाडं तशी होतीच. मावशी मनातल्या मनात त्या लोकांना शिव्या घाली. मेल्यांनो, चार मुठी रानातलं आणायला काय धाड भरली होती?

एकदा घरी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या दाताखाली खडा आला.

"रोज खडे गं. दिसत नाही का तुला?"

तिची नजर केव्हाची धूसर झाली होती. ती भिंगावर खापर फोडत आली होती. सकाळी तिने आदल्या दिवशी निवडून झालेलं वरच्या थराचं ताट बाईंच्या जोरदार भिंगाखाली धरलं. चुऱ्यात बी होतं. काळं, बारीक, भरपूर. ती माणसं शेवटपर्यंत पोरांसाठी रान धुंडाळत होती आणि हिने त्यांच्यावर आळ आणला होता. तिला रडू आवरेना.

बोललं तर नोकरी जाणार, नवऱ्याचं औषध बंद होणार. तरी ती बोलली. मेलेल्या आयांचा तळतळाट कोण घेणार?

टेबलावर बाईंच्या, त्याच सिद्धान्तावरच्या नव्या पुस्तकाची पहिली प्रत होती. त्यांनी उठून दार लावलं.

"मावशी, मोठे दाणे दिसतात ना?"

"दिसतात."

"मग झालं. डोळ्यांचं कुणाजवळ बोलू नका."

आणि वरच्या थराची नवी पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवली. मावशीने ती निवडली. उरलेला चुरा नेहमीसारखा मागच्या खड्ड्यात ओतला.