सोनुबाईची धुरी

नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढू लागली, त्याच्या दहाएक वर्षं आधीची गोष्ट. दहिवलीत पोरांचे दात बघावेत ते सोनुबाईनेच. पोराला मांडीवर आडवं घ्यायची, दोन बोटांनी ओठ उचलायची आणि बाभळीच्या काट्याने दात टोचून सांगायची, हा नुसता काळवंडलाय, हा पोकळ झालाय, याच्या मुळाशी पू आहे. नजर पक्की होती. उपाय मात्र सगळ्यांना एकच, धुरी. परातीतल्या पाण्यात तापलेला दगड ठेवायचा, त्यावर तूप लावलेलं रिंगणीचं बी टाकायचं, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घालायची आणि भोकाला पोराचं तोंड लावायचं. धूर ओसरला की पाण्यावर पांढरे बारीक किडे तरंगत. आया ते मोजत आणि निश्चिंत होऊन घरी जात. सोनुबाईही निश्चिंत असे, कारण सासूने तिला हेच शिकवलं होतं.

भागूबाईच्या चार वर्षांच्या हिरूला तीनदा धुरी झाली. दर वेळी किडे निघाले आणि दर वेळी गालाची सूज वाढली. सोनुबाईच्या मनात पाल चुकचुकली. एका दुपारी दार लोटून तिने कुणाचंच तोंड न लावता धुरी केली. करवंटी उचलली, तर पाण्यावर सात किडे. बी तडकून त्यातलेच कोंब बाहेर पडले होते. गेल्या वर्षी गावातल्याच जनाची पोर अशाच सुजलेल्या गालाने गेली होती. तिचे पाच किडे काढून, आता भ्यायचं कारण नाही, असं सोनुबाईनेच सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी भागूबाई हिरूला घेऊन आली. सुजेने पोरीचा डोळा मिटला होता, अंग तापलं होतं. सोनुबाईने खरं ते सांगून टाकलं. कीड नव्हतीच, आत पू झालाय, दात काढायला हवा. भागूबाईला ते कसं पटावं? वरचा दात उपटला की डोळा जातो असं ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि किडे तर तिने स्वतः मोजले होते. सोनुबाईला आता पोरीचं करायचा कंटाळा आलाय, असं म्हणून तिने हिरूला खांद्यावर टाकलं आणि कुंभिवलीच्या धुरीवाल्याकडे जायला निघाली. एवढी वाट उन्हातून तुडवेपर्यंत पोर टिकायची नाही, हे सोनुबाईला स्वच्छ दिसत होतं.

“थांब गं,” ती म्हणाली. “देते धुरी.”

धुरी झाली. भागूबाई परातीवर वाकून किडे मोजू लागली, तेवढ्यात सोनुबाईने पाठमोरं होऊन काट्याने हिरडी फोडली आणि हलता दात उपटला. भळभळा पू वाहिला. किडीबरोबर दातही आला, असं तिने सांगून दिलं. तिसऱ्या दिवशी हिरू भाकरी खाऊ लागली आणि भागूबाईने नऊ किड्यांची गोष्ट गावभर केली. सोनुबाईला ते कौतुक ऐकवत नव्हतं.

ती गोष्ट ऐकून जना आली. उंबऱ्याशी बसली. मग म्हणाली, “आत्ये, माज्या पोरीचं पाचच निघालं व्हतं. येकादा आत ऱ्हायला व्हता का गं?”

किडा नव्हताच, चूक माझी, हे शब्द सोनुबाईच्या ओठांवर आले होते. पण धुरीवाचून उद्या कोण आपल्या पोराचं तोंड तिच्यापुढे उघडणार होतं? ही सबब खोटी नव्हती. खरं कळल्यावर जना काय म्हणेल, ही तिच्या मनातली भीतीही खोटी नव्हती.

“ऱ्हायला असंल,” ती म्हणाली.

जनाने मान हलवली. “मीच घाई केली. लावणीला जायचं व्हतं, म्हून पोरीला धुरातनं लवकर उठवली.”