भट्टीपुढचा ओला टॉवेल

आमच्या बेकरीच्या मागच्या खोलीत माझी वहिनी केकवर क्रीमनं नावं लिहिते. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच काम. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे वाढदिवस तिला तोंडपाठ. स्वतःच्या पोराचं नाव लिहायची वेळ मात्र तिच्यावर आली नाही. हे आधीच सांगून टाकते, उगाच आशा लावून बसाल.

लग्नाला दोन वर्षं झाली तशी आईनं तिला दवाखान्यात धाडलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का बघायला आत औषध सोडून एक्स-रे काढला. ती कळवळत घरी आली आणि दुपारी पुन्हा केकला बसली. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दादाला, तपासावं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

शेवटी डॉक्टरबाईच अडून बसल्या. म्हणाल्या, "वंध्यत्व एकट्या बाईचं नसतं, जोडप्याचं असतं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की दोघांनी तपासायचं."

दादाची तपासणी झाली. शुक्राणू कमी निघाले, आणि होते त्यांची हालचालही मंद. दादाचा चेहरा पडला. सोबत मी होते, म्हणून मीच विचारलं, "म्हणजे हा बाप होणारच नाही का?"

"कमी म्हणजे शून्य नव्हे. हे काम काय करतात?"

"बेकरी आहे आमची. दिवसभर भट्टीपुढे असतो."

"मग आधी ती भट्टी सोडा. उष्णतेनं शुक्राणू कमी होऊ शकतात. पण ते सतत नवे तयार होतात. तीनेक महिन्यांनी परत तपासू." मग त्या वहिनीकडे वळल्या. "तुमचं एएमएच जरा कमी आहे. त्यावरून अंडाशयात अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. बाई तो साठा जन्मतःच घेऊन येते, नवा तयार होत नाही. तेव्हा वेळ घालवू नका."

इतकं सोपं सांगितलं होतं बाईंनी. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पण आमच्या घरात भट्टीचा एक नियम आहे. कणीक कुणीही मळावी, भट्टीच्या तोंडाशी मात्र घरचाच पुरुष हवा. बाबांच्या मते नोकराच्या हाती भट्टी दिली की धंदा त्याच्या खिशात जातो. बाबांचे गुडघे गेलेले, त्यामुळे उरला दादा. वहिनी म्हणाली, "मी उभी राहते." बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली: दादानं कमरेला ओला टॉवेल गुंडाळून भट्टीपुढे उभं राहायचं. गार तर गार, भट्टीही चालू! आईला तर केवढं कौतुक. टॉवेल भिजवून द्यायचं काम अर्थातच वहिनीकडे. तो टॉवेल भट्टीपुढे बघता बघता वाळायचा, तरी कुणाला शंका आली नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. दादानं डॉक्टरबाईंना खुशाल सांगितलं, "भट्टी सोडली." बापाला नाही म्हणायची छाती नाही, आणि डॉक्टरशी खोटं बोलायला जीभ तयार. वहिनी बोलायला गेली तर त्यानं टेबलाखाली तिचा हात दाबला. आकडे सुधारले नाहीत. बाईंना वाटलं, उष्णतेचं कारण नसणार. मग वहिनीला अंडी पिकायच्या गोळ्या, पोटात इंजेक्शनं. आययूआय झालं, म्हणजे दादाचे शुक्राणू धुऊन, त्यातले चांगले निवडून, बारीक नळीनं तिच्या गर्भाशयात सोडले. परत केलं. परत. दर वेळी पाळी आली की वहिनी न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि डोळे पुसून केकला बसायची.

अशी वर्षं गेली. एके दिवशी दवाखान्यात तिनं दादाचा हात झिडकारला. "डॉक्टर, हे खोटं बोलतात. भट्टी एक दिवसही सुटलेली नाही."

डॉक्टरबाईंनी वहिनीचा नवा रिपोर्ट पुढे ओढला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता तुमचा साठा फारच खाली गेलाय. आयव्हीएफ करता येईल. त्यात अंडं बाहेर काढून प्रयोगशाळेत फळवतात. पण तुमची अंडी मिळतील याची खात्री नाही. दुसऱ्या बाईचं दान केलेलं अंडं घ्यावं लागेल कदाचित."

"परक्याचं रक्त नको," घरी आल्यावर बाबांनी तीन शब्दांत तेही दार लावलं.

बैल गेला आणि झोपा केला. त्याच वर्षी बेकरीत विजेची भट्टी आली. मुलाच्या तब्येतीसाठी नव्हे हं, कोळसा महागला म्हणून. दादा गल्ल्यावर, पंख्याखाली बसू लागला. सहा महिन्यांत त्याचे आकडे सुधारले, आणि आईच्या तोंडी शास्त्र आलं. दिसेल त्याला सांगायची, "आमच्या मुलाचं सगळं नॉर्मल आहे हो. हिचाच साठा संपला." इतक्या वर्षांत तिनं उचलला तो एवढाच शब्द.

परवा मी माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या ओळखीत कुणी मुलगी असली तर बघ दादासाठी." दादा गल्ल्यावर मान खाली घालून बसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच मागच्या खोलीतून वहिनी आली, हाताला क्रीम तसंच.

"बघा, वन्सं," ती म्हणाली. "पण अगदी कोवळी बघा. या घराला अक्कल यायला फार वर्षं लागतात."