प्रेरणाची कमान

माझी मुलगी प्रेरणा गवंडी आहे. पहिली दोन वर्षं आमच्या विंझर गावात मी "ती पुण्यात कामाला असते" एवढंच सांगायची. बी.कॉम. झालेली मुलगी चुना कालवते, हे माझ्याच तोंडून निघत नव्हतं.

तिचे गुरू पालीचे सावळाराम मिस्त्री. वर्षभर दोघं पुण्यात लष्कर भागातल्या एका इंग्रजी चर्चची दुरुस्ती करताहेत. काळ्या दगडाची इमारत, गोऱ्या शिपायांसाठी बांधलेली. बाकांना अजून बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. उंच सागवानी छत, पूर्वेच्या खिडकीत रंगीत काचा. मध्ये कोणीतरी दाराच्या टोकदार कमानीत सिमेंट भरलं. आत मुरलेलं पाणी बाहेर पडेना, दगड सुटायला लागले. प्रेरणाने ते सिमेंट छिन्नीने काढलं आणि कमान पुन्हा चुन्यात रचली. त्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. हिरडा आमच्याच डोंगरातला, मीच वाळवून धाडला.

मिस्त्रींचा एक नियम आहे. कमानीचा लाकडी आधार, ज्याने ती रचली त्यानेच खाली उभं राहून काढायचा.

काल तो दिवस होता. मी डबा घेऊन पोचले, तर हेल्मेट घातलेली प्रेरणा कमानीखाली उभी आणि मिस्त्री तिच्याकडे पाठ करून चहा पीत बसलेले.

"अहो मिस्त्री, निदान तिकडे बघा तरी!"

"काय बगायचं वैनी? म्हैनाभर बगतुयाच की. पोरीचा चुना माज्यापरीस बरा हाय."

"आणि पडली तर?"

"मंग तुमचा हिरडा किडका व्हता म्हनायचं."

प्रेरणा हसली. "आई, देवाचं नाव मनातल्या मनात घे. मला दगडाचा आवाज ऐकायचाय."

तिने आधाराखालच्या पाचरी एकेक करून ठोकून काढल्या. शेवटच्या पाचरीला माझे डोळे मिटलेले होते. लाकूड करकरलं, थोडी माती पडली. मग काहीच नाही. डोळे उघडले तर आधार बोटभर खाली आलेला, कमान जागच्या जागी.

"ऱ्हायली न्हवं?" मिस्त्रींनी मागे न बघताच विचारलं.

आम्ही तिघं तिथंच, कमानीखाली जेवलो. मी दोनदा वर बघितलंच.

परतीच्या एसटीत शेजारच्या ठकुबाई भेटल्या. "पोरगी काय करतीया पुन्यात?"

"गवंडी आहे," मी म्हटलं, कमानीचे फोटो उघडून मोबाईल त्यांच्या हातात दिला, आणि विंझर येईपर्यंत परत घेतला नाही.