वाळवलेले कागद

"मॅडम, निरोगी माणसांचे खणसुद्धा पिवळे आले!" इम्रानभाई ओरडले. ते आमचे टेक्निशियन. मी बेसिनवर बाटल्या धूत होते.

नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये डोळ्याच्या आत सूज कशानं येते ते शोधतात. अंगात जंतू शिरला की शरीर त्याच्याशी झुंजायला अँटिबॉडी बनवतं. प्लेटच्या बारीक खणात पेशंटचं रक्त, नाहीतर डोळ्याच्या आतलं पाणी टाकतात. ती अँटिबॉडी असली तर खण पिवळा होतो. निरोगी माणसाचा पांढराच राहायला हवा. तोही पिवळा झाला, तर कशावर विश्वास ठेवायचा?

भोकरच्या रुक्मिणबाईंचा डोळा वर्षात चौथ्यांदा सुजला होता. दिसणं अंधुक झालेलं. सुईनं काढलेल्या पाण्याचा आता एकच थेंब उरला होता.

"प्लेट नीट धुतली का?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"पाच वेळा. दरवेळी प्लेट उपडी करून कागदावर आपटली."

माझे हात थांबले. आपटून झालेले टिश्यूपेपर कोरेच दिसायचे. टाकायला जीव होईना. म्हणून आठवडाभर मी ते खिडकीत वाळवून, घडी घालून परत ड्रॉवरमध्ये ठेवत होते.

इम्रानभाईंनी शेवटच्या थेंबासाठी पिपेट उचललं. चार वर्षांत मी मॅडमसमोर 'हो' आणि 'झालं' यापलीकडं बोलले नव्हते.

"थांबा! ते कागद जुने हायत. मी वाळवून ठेवले."

"मावशी!" इम्रानभाईंनी कपाळाला हात लावला. "रंग आणणारं औषध त्यातच वाळलंय. ओली प्लेट आपटली की परत खणात! अन् मी चार दिवस मशीनला शिव्या देऊन राहिलो!"

मॅडम हसायलाच लागल्या. "आमच्या सासूबाई मिठाईच्या पुड्याचा कागद गादीखाली ठेवतात. तुम्ही त्यांच्याही वरताण!"

नवा गठ्ठा फोडला. निरोग्यांचे खण पांढरे राहिले. रुक्मिणबाईंचा तेवढा हळदीसारखा पिवळा. उंदराच्या मुतातून पसरणारा जंतू निघाला. रुक्मिणबाई भेगाळल्या पायांनी अनवाणी गोठा झाडायच्या, त्या भेगांतूनच तो शिरला. लगेच औषध सुरू झालं.

दीड महिन्यानं त्या आल्या, माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "बाई, तुझ्या कपाळावरचं गोंदण दिसून राहिलंय की!"

"गोठ्यात बूट घालता ना?" मॅडमनी विचारलं.

"घालते. पण म्हैस वळखंना मला!"

कागद आता मी थेट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकते. लॅबमध्ये जाताना चपला बाहेर काढतो, तशी काटकसरही बाहेरच ठेवायची.