माडीवर चढलेली मंगनी

दासगावात कुणी चुलीवर पाणी ठेवलं तरी जहांगीर विचारतो, "किती चढलं?" अशी त्याची कीर्ती. पावसाळ्यात हा माणूस जेवायलाही उकिडवा बसतो, पळायला सोपं म्हणून. त्याची बायको रुकय्याभाबी सांगते, जून लागला की नवरा घरात असतो खरा, पण बसलेला कुणाला दिसत नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे मुकादमांचं घर.

सावित्री नदी पोलादपुराकडून खाली येते ती काठाकाठानं मोठी घरं मिरवीत येते. वरच्या अंगाला जुन्या खोतांची घरं, त्यांच्या आंब्या-फणसाच्या वाड्या, भाताची खाचरं. महाड ओलांडून दासगावाशी आली की मोहल्ल्यातली माडीची घरं. कुणाचा आजा आगबोटीवर गेला, कुणी आफ्रिकेत दुकान घातलं, आणि तिकडच्या कमाईवर इकडे बर्मा सागाचे खांब उभे राहिले. आता मालक कुवेतला नाहीतर कतारला, आणि घरं वर्षातले दहा-अकरा महिने बंद. त्यांची दारं उघडायची, वारा खेळवायचा, वाळवी बघायची, कौलं शाकारून घ्यायची, हे काम जहांगीरचं. पाच घरांच्या चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. तो चालायला लागला की बायका रुकय्याला हाक मारून सांगायच्या, "भाबी, सवत वाजतेय गो तुझी!"

पाचांत थोरलं ते मुकादमांचं. रंगीत काचांच्या खिडक्या, छताला काचेच्या हंड्या, पुरुषभर उंचीचा आरसा आणि शिसवी कपाट असं की त्यात रुकय्याचं अख्खं स्वयंपाकघर मावावं. शनिवार-रविवारी कुणी पुणेकर फोटो काढायला फाटकाशी थांबले की जहांगीर ऐटीत म्हणणार, "आमचंच घर." मग जरा खाकरून, "म्हणजे मुकादमशेठचं."

एकवीस सालच्या पुरात तो ह्याच घराच्या माडीवर अडकला होता. खालचं काही हलवलं नव्हतं. सावित्री दिवाणखान्यात शिरली, वर चढत गेली, आणि शिसवी कपाट तरंगत येऊन माडीच्या फळ्यांना खालून धडका द्यायला लागलं. ठक, ठक. कुणी दार वाजवावं तसं. जहांगीर फळीवर बसून ते ऐकत राहिला. कपाट वाचलं, पण त्या ठकठकीनं त्याच्या डोक्यात घर केलं.

तेव्हापासून नदी जरा गढूळ झाली की हा सामान माडीवर न्यायला निघतो. सोबतीला येसाजी, पलीकडच्या खाचराचा मालक, अंगानं रेड्यासारखा आणि स्वभावानं गाईसारखा. पाणी काही येत नाही. मग सगळं पुन्हा खाली. गेल्या वर्षी अशाच एका फेरीत जिन्याच्या वळणावर आरशाला चीर गेली.

ती चीर कुवेतहून मोबाइलवर मुजम्मिल मुकादमानं पाहिली. यंदा जुलैच्या सुट्टीत तो बायकामुलांसह घरी आला तो लेकीची, रिम्शाची, मंगनी ठरवूनच. आल्या आल्या त्यानं जहांगीरला समोर बसवलं. जहांगीर उकिडवाच बसला.

"जहांगीरभाई, तुम्ही माझ्या अब्बांच्या वेळचे. म्हणून एकदाच सांगतो. अब्बांची मंगनी ह्या दिवाणखान्यात झाली, माझी इथंच झाली, रिम्शाची पण इथंच होणार. त्या दिवशी एक खुर्ची जरी वर गेली ना, तर चाव्या तुमच्याकडे राहणार नाहीत."

"नाय जाणार," जहांगीर म्हणाला. आणि मान खाली घालून म्हणाला, "पाऊस कसा हाय त्याच्यावर हाय म्हणा."

"भाई!"

"नाय जाणार, नाय जाणार."

चाव्या जाणं म्हणजे काय, ते मोहल्ल्यात सगळ्यांना कळत होतं. त्याच्या बापाच्या कमरेलाही ह्याच चाव्या होत्या. आणि एका घरानं काढून घेतल्या की बाकीचे चार मालक तिकडून फोन करून काढून घ्यायला किती वेळ?

मंगनीच्या सकाळी दिवाणखाना असा सजला की जहांगीर स्वतःच दारात उभा राहून बघत बसला. म्हणजे उभा राहिला. गालिचा अंथरलेला, हंड्या पुसलेल्या, आरशाची चीर मोगऱ्याच्या गजऱ्याखाली झाकलेली. मुकादमांची मंडळी महाडला गेली होती. रिम्शा नटायला, आणि मुजम्मिल पाहुण्यांना घेऊन यायला. पाहुणे महाडचेच, ट्रान्सपोर्टवाले. मागच्या पडवीत रुकय्या सांदणं वाफवत होती.

आणि पावसाची रिपरिप सुरू झाली.

जहांगीर बंदराच्या पायऱ्यांवर गेला. परत आला. पुन्हा गेला. पाणी पायरी पायरीनं वर येत होतं. त्या दिवशी अमावस्या, उधाणाची भरती. खाडीचं पाणी असं चढतंच, हे दासगावात शेळीलाही माहीत. पण जहांगीरला ते पाणी खालून खाडीचं येतंय की वरून पुराचं, हे दिसेना. त्याला फळीवरची ठकठक ऐकू येत होती.

येसाजी केळीची पानं घेऊन आला. त्याला तसाच ओढत त्यानं पायऱ्यांशी नेलं.

"बघ."

"काय बघू? भरती हाय. आता उतरंल."

"येसा, त्या वर्षी पण तू हेच बोलला होतास."

येसाजीनं केळीची पानं खाली ठेवली. कारण बोलला होता. आणि त्या वर्षी त्याची म्हैस गेली होती.

"कपाट आधी का गालिचा?" येसाजीनं विचारलं.

रुकय्याला पत्ता लागला तो जिन्यावरून गालिच्याचं टोक सापाच्या शेपटीसारखं वर सरकताना दिसलं तेव्हा. हातात झारा घेऊन ती धावत आली.

"येडे झालाव काय? पाव्हणे निघाले असतील महाडातून! अन् येसाभावजी, तुम्ही पण?"

"मी आरशाला हात लावलेला नाय," येसाजी म्हणाला, आरसा पाठीवर घेऊन.

"शेठ चाव्या घेतील!"

"चाव्या घेतल्या तर घेतल्या," जहांगीर वरून ओरडला, "कपाट तर राहील!"

गाड्या आल्या तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मुजम्मिलनं मोठ्या रुबाबात दार उघडलं, "या, या, तशरीफ ठेवा," म्हणत हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. दिवाणखाना रिकामा. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे आणि मधोमध मोगऱ्याचं एक फूल.

"मुजम्मिलभाई," नवऱ्या मुलाचे अब्बा हळूच म्हणाले, "चोरी झाली का काय?"

तेवढ्यात छतातून आवाज आला, "येसा, पाय धर रे त्याचा, पाय!"

बंदराच्या पायऱ्यांवरून पाणी केव्हाच उतरलं होतं. नुसता चिखल चमकत होता. मुजम्मिलनं तो पाहिला, आणि त्याचा चेहरा बिटासारखा झाला. पण पाहुणे दारात, काय करणार? दात ओठ खात तो म्हणाला, "बैठक वर ठेवलीये. हवेशीर आहे."

नवऱ्या मुलाची आई गुडघ्यांनी बेजार. ती जिन्याकडे बघून जागीच थबकली. जहांगीर-येसाजीनं तिला खुर्चीसकट उचललं.

"अल्ला! पडेन मी!"

"घाबरू नका आपा," येसाजी म्हणाला, "आत्ताच कपाट नेलंय. त्याच्यापुढं तुम्ही काहीच नाय."

आपा त्या क्षणापासून माडीवर पोचेपर्यंत पडायचं विसरून रुसल्या.

माडीवर मंगनी झाली ती अशी: नवऱ्या मुलाचे अब्बा पलंग आणि कपाटाच्या फटीत, काझीसाहेब उलट्या टेबलाशेजारी, आणि मुलगा नेमका आरशासमोर, त्यामुळे बिचाऱ्याला सबंध वेळ स्वतःकडेच बघावं लागलं. रिम्शा ओढणीत तोंड लपवून हसत होती. खिडकीतून नदी दिसत होती, वारा छान येत होता, सांदणं तीनदा मागितली गेली. पाहुणे खूश होऊन गेले.

मुजम्मिल नाही झाला. शेवटची गाडी वळली तसा त्यानं हात पुढे केला.

जहांगीरनं जुडग्यातून मुकादमांच्या चाव्या काढल्या. कडी काही निघेना, ती रुकय्यानंच वाकवून दिली.

"भाई, तुमच्यावर राग नाही," मुजम्मिल म्हणाला. मग म्हणाला, "आहे. खूप आहे." आणि चाव्या त्यानं रुकय्याच्या हातात ठेवल्या. "भाबी, आजपासून हे घर तुमचं काम. तुम्ही सांगितल्याशिवाय ह्यांनी आत पाऊल टाकायचं नाही."

"नाय टाकणार," रुकय्या ठसक्यात म्हणाली. "मी हाय ना."

मुकादम मंडळी कुवेतला उडाली. जहांगीर चार घरांची दारं उघडायचा आणि पाचव्यासमोरून मान वळवून जायचा. चावडीवर कुणी विचारलं, "काय जहांगीर, मालकीणबाईंनी सोडलं का आज?" तर तो हसायचा, पण हात कमरेकडे जायचाच.

मग ऑगस्टात एका दुपारी पाऊस लागला. जहांगीर हट्टानं ओट्यावर बसून राहिला. चक्क मांडी घालून. रुकय्या आत तांदूळ निवडत होती. जरा वेळानं उठली, डोक्यावर इरलं घेऊन बंदराकडे गेली, आली, सूप हातात घेतलं. पुन्हा उठली, गेली, आली.

जहांगीर बघत होता.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा पदर भिजलेला होता.

"किती चढलं?" त्यानं आभाळाकडे बघत विचारलं.

"तुमाला काय करायचाय?"

"काय नाय."

ती सुपातले तांदूळ उगाच फिरवत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"येसाभावजींना हाक मारा. कपाट तेवढं न्यायचा. बाकी नाय."

"आणि आरसा?"

रुकय्यानं चाव्या कनवटीला खोचल्या आणि पावसात उतरली.

"आरसा पण," ती म्हणाली. "जिन्याच्या वळणावर मी धरीन."

पाणी त्या दिवशीही आलं नाही. कुवेतला ह्यातलं काही कळलेलं नाही. दासगावात गोष्ट दाबून ठेवायची कुणाला सवय नाही, पण ह्या खेपेला सगळे तोंड मिटून आहेत, आणि येताजाता हळूच नदीकडे बघून घेतात.