ओहोटीत अडकलेला रविवार

माझ्या मैत्रिणीने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं आणि ती कोचीला राहायला गेली. नेरूळच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी पंधरा-सोळा वर्षं एकत्र राहिलो होतो. लग्न छान झालं. मी नाचलेसुद्धा. परत येऊन दार उघडलं तर तिच्या खोलीतला पंखा जाताना चालूच राहिला होता. तो बंद केला, आणि मग घरात कसलाच आवाज उरला नाही.

कुणाचा नवरा गेला तर लोक भेटायला येतात. मूल परदेशी गेलं तर सोसायटीतल्या बायका विचारतात, करमतं का. मैत्रीण लग्न करून गेली तर पेढे मागतात. मी पेढे वाटले.

माझी कंपनी महापेला. काम सॉफ्टवेअर तपासायचं. चूक सापडली की लिहून कळवायची, बोलायची गरज कमीच. त्यात ते काम घरून करायचं झालं होतं. एका संध्याकाळी भाजीवाल्याला कोथिंबीर मागितली तर आवाज घोगरा निघाला. दोनदा खाकरावं लागलं. सकाळपासून तोंडातून निघालेला तो पहिलाच शब्द होता.

शिडाच्या होड्यांच्या क्लबबद्दल मला माझ्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा मी आ वासून खुर्चीत आडवी होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. सारसोळ्याच्या जेट्टीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये काही जुन्या होड्या आहेत, त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हौशी. कुणी होड्या दुरुस्त करतं, कुणी चहा आणतं, शिकवायचंही आपणच एकमेकांना.

"पोहता येतं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"चालतं. जॅकेट घालूनच बसायचं असतं. रविवारी या."

आईला फोनवर सांगितलं. लातूरकडची माणसं आम्ही, आमच्याकडे पाणी टँकरने यायचं. "पोहायला येईना तर पाण्यात कशाला जायलीस?" तिने विचारलं. मला तिला खरं कारण सांगता आलं नाही. व्यायाम होतो म्हणून सांगितलं.

क्लबात माणसं असतील, ओळखी होतील, अशी माझी कल्पना होती. माणसं होतीही. पण सगळे भरतीच्या वेळेशी बांधलेले. आले की होडी ढकलायची, परत आले की गोड्या पाण्याने धुवायची, शिडं वाळत घालायची आणि घरी आपापली माणसं वाट बघत असतात म्हणून निघायचं. चहाचे रिकामे कप गोळा करायला मी बहुधा मागे राहत असे.

होडीत दोघं बसायचे. एकाच्या हातात सुकाणू, दुसऱ्याने पुढचं लहान शीड सांभाळायचं. सुरुवातीला मी वेगवेगळ्या लोकांबरोबर गेले, पण थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाई मला कायम चाचांबरोबर पाठवू लागल्या. त्यांना सगळेच चाचा म्हणत. उरणकडचे, सत्तरीला आलेले. कळंबोलीला त्यांचा ट्रकांचा धंदा होता, तो आता मुलं बघत. ते फार बोलत नसत. "डोकं खाली," म्हणाले की शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून पलीकडे जायचा आणि आम्ही बाजू बदलून बसायचो. मी कुठे बसावं हे ते मानेने दाखवत आणि मला ते कळायचं. वारा बरोबर लागला की होडी एका अंगावर कलंडे, पाणी चेहऱ्यावर उडे आणि चाचा गालातल्या गालात हसत.

मला वाटायला लागलं, माझं इथे कुणीतरी आहे. त्यांना सांगायच्या गोष्टी मी आठवडाभर साठवून ठेवायचे. गॅलरीत कबुतराने अंडी घातली. मैत्रिणीला मल्याळममध्ये भाजी घ्यायला जमायला लागलं. रविवार आला की त्यातलं काहीच माझ्याच्याने सांगवत नसे. पण तयारी करायलाही बरं वाटायचं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. वारा मस्त होता. परत फिरायची वेळ झाली तरी चाचा म्हणाले, "जरा पुढं जाऊन येऊ." आम्ही खाडीच्या पलीकडच्या अंगाला, तिवरांच्या जवळ गेलो आणि तिथे वारा एकाएकी पडला. शीड लुळं झालं. पाणी ओहोटीला लागलं होतंच. आम्ही वल्ही काढली, पण थोड्याच वेळात तळाला काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि होडी बसली. बघता बघता चहूबाजूंनी पाणी गेलं. उरला नुसता चिखल, ओला आणि चकचकीत.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"चिखलात उतरू नका," त्या म्हणाल्या. "कंबरेपर्यंत आत जाल. आमची मोटरबोटही तिथवर येणार नाही. पाणी येईपर्यंत बसून राहा. प्यायचं पाणी आहे ना?"

पाणी होतं. चाचांकडे खजूर होते. आम्ही शीड अर्धं उतरवून त्याची सावली केली आणि समोरासमोर बसलो. चिखलावर निवट्या, त्या पायांवर चालल्यासारख्या सरपटणाऱ्या मासळ्या, टुणटुण उड्या मारत होत्या. लांब नेरूळच्या इमारती दिसत होत्या. माझी त्यात कुठली ते शोधायचा मी प्रयत्न केला.

आता वेळच वेळ होता. मी कबुतरापासून सुरुवात केली. चाचा ऐकत होते की नव्हते कळेना. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडम, तुमी रागवू नका. पन मी डॉक्टरबाईंना सांगून तुमच्याबरोबर नाव लावून घेतलं, ते तुमी बोलत नाय म्हनून."

मी थांबले.

"घरात आमी तेरा मानसं हाव," ते म्हणाले. "सुना, नातवंडं, टीव्ही, भांडी. रात्री पन कोनतरी जागंच असतं. मी इथं येतो तो गप बसायला. बाकीचे लोक होडीत पन बडबड करतात. तुमी एकट्याच अशा, की बसल्या की बसल्या. मला वाटलं, तुमाला पन हेच पायजे."

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. मी खजुराची बी चिखलात टाकली. ती टपकन आत गेली.

"माझ्या घरी कुणी नाही, चाचा," मी म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं, पण पुढचंही आलं. पंखा. पेढे. रात्री दोघींसाठी लावलेला आणि सकाळी नासलेला भात. दार आतून लावताना होणारा कडीचा आवाज. ती माझी बहीण नाही, लेक नाही, मग ती गेल्यावर मी तिची कोण म्हणून रडायचं, हेही. मी कुणालाच हे सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच. ती सुखात होती.

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "दोघींचा भात कमी करायला लय दिवस लागतात. आमची बेगम गेली तवा घरात एवढी मानसं, तरी मी तिचा चहा मागवत होतो."

तेही आता गप्प झाले, पण ते गप्प बसणं मला टोचलं नाही. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. चिखलातल्या घळीतून पाण्याची एक बारीक रेघ आमच्याकडे सरकली. होडी आधी डुचमळली, मग हलकी झाली. पलीकडून वाराही सुटला होता. शेडकडे जाताना त्यांनी मला सुकाणू धरायला दिलं.

आता आमची मैत्री झाली, असं मी त्या संध्याकाळी समजले होते. तसं झालं नाही. पुढच्या महिन्यात एकट्याने चालवायची एक लहान होडी दुरुस्त होऊन पाण्यात उतरली आणि ती चाचांनी मागून घेतली. मला सांगताना ते ओशाळले. "राग नाय ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. राग नव्हता. पण पुढे काही रविवार मी गेले नाही. घरी बसून राहिले.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक नवीन बाई येतायत, घाबरतात, तुम्ही त्यांना बरोबर घ्याल का. मी गेले. सुकाणू मी धरलं. त्या बाईंना डोकं कधी खाली करायचं ते सांगितलं आणि कुठे राहता, घरी कोण असतं, हेही विचारलं. त्यांच्या घरी बरेच जण होते. होड्या धुऊन झाल्यावर त्या लगेच निघाल्या.

चाचा अजून येतात. खाडीच्या मध्यावर त्यांचं लहान शीड एकटंच दिसतं. आमच्या होड्या जवळून गेल्या तर ते हात वर करतात, मीही करते. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शीरखुर्म्याचा डबा आणला होता. एका माणसाच्या मानाने तो खूप होता. मी दोन दिवस पुरवून खाल्ला.